कोकोमोचा किमयागार

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये एका फोर्डविषयी आजही मोठ्या अप्रूपाने बोलले जाते. अमेरिकेत पिट्सबर्ग परिसरातील अ‍ॅलेगनी स्टील या पोलाद कंपनीने १९३६ साली फोर्डच्या सहकार्याने सहा मोटारी अशा बनवून घेतल्या, की त्यांच्या अंगावर रंगाचा एक थेंबही नव्हता. छत, दारे, मडगार्ड, बॉनेट... सारे काही लखलखीत स्टेनलेस स्टीलचे. कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यांनी या मोटारी पुढची दहा वर्षे पावसाचिखलातून आणि बर्फावरच्या मिठातून दामटल्या. प्रत्येक मोटार दोन लाख मैलांहून अधिक धावली. सहापैकी चार मोटारी टिकल्या आणि त्यांचा पत्रा आजही आरशासारखा आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत जुनी मोटार सांभाळणाऱ्याला, दरवर्षी दारांच्या कडा खरवडून तांबेरा लावणाऱ्याला, ही हकीकत परीकथेसारखीच वाटेल.

मोटारगाडी आणि स्टेनलेस स्टील या दोन गोष्टी आज आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की त्यांना कधीकाळी जन्म घ्यावा लागला असेल हेच मुळी ध्यानात येत नाही. पोळ्यांचा डबा आणि दारातली गाडी यांचा पूर्वज एकच असू शकेल, ही कल्पनाही कुणाला सुचणार नाही. परंतु असा एक माणूस होऊन गेला. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोकोमो या गावात राहून त्याने देशातील अगदी आरंभीच्या मोटारींपैकी एक बनवली आणि त्याच गावातील आपल्या प्रयोगशाळेत न गंजणाऱ्या पोलादाचा शोधही लावला. त्याचे नाव एल्वुड हेन्स. मात्र या दोन शोधांची एकमेकांशी गाठ पडलेली पाहण्याचे भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही.

हेन्स यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८५७ रोजी इंडियानातील पोर्टलंड या लहानशा गावी झाला. दहा भावंडांतले ते पाचवे. वडील जेकब हेन्स न्यायाधीश. घरात प्रेस्बिटेरियन पंथाची शिस्त कडक आणि दारूला तर उंबऱ्याबाहेरही थारा नाही. मुलगा मात्र घरात कमी आणि रानात अधिक सापडे. एल्वुडचे सर्वांनी 'वुड' करून टाकले होते, ते या रानवेडामुळेच. पोरवयातच त्याने घराच्या आवारात स्वतःची भट्टी रचली, तिला भाता जोडला आणि निरनिराळे धातू वितळवून एकमेकांत मिसळण्याचा खटाटोप आरंभला. पितळ त्याला साधले. लोखंड मात्र त्या भट्टीच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे उभ्या आयुष्यात या माणसाने अनेक उद्योग केले, अनेक पदे भूषविली. पण मुशीत दोन धातू एकत्र केले तर काय निपजेल, हे बालवयातले कुतूहल त्याला शेवटपर्यंत सोडून गेले नाही.

१८७८ साली ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. १८८१ मध्ये पदवी घेताना त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता लोखंड आणि पोलादावर टंगस्टनचा होणारा परिणाम. विद्यार्थ्याचे असले प्रबंध सहसा कपाटात धूळ खात पडतात. या प्रबंधातला टंगस्टन मात्र तीस वर्षांनी पुन्हा हेन्स यांच्या आयुष्यात आला आणि त्याने त्यांना धनाढ्य केले. पदवीनंतर गावी मास्तरकी, मग वर्षभर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पुढील शिक्षण, पुन्हा मास्तरकी, असा काही काळ गेला. १८८७ साली बर्था लँटरमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

रसायनशास्त्राचा हा शिक्षक मोटारीकडे वळला तो एका वेगळ्याच वाटेने. १८८६ साली पोर्टलंडच्या भूगर्भात नैसर्गिक वायू सापडला. इंडियानाच्या पूर्व भागात त्या काळी या वायूने अक्षरशः वेड लावले होते. गावोगावी रस्त्याच्या कडेला वायूच्या मशाली रात्रंदिवस जळत. त्या दिवसा विझवण्याचेही कष्ट कुणी घेत नसे. पृथ्वीच्या पोटातले हे धन कधी आटणारच नाही अशी सर्वांची समजूत होती. (ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच आटू लागले, हा भाग निराळा.) हेन्स मास्तरकी सोडून वायू कंपनीचे व्यवस्थापक झाले. पुढे १८९० मध्ये इंडियानापासून शिकागोपर्यंत वायू वाहून नेणारी लांबच लांब नळवाहिनी घालणाऱ्या कंपनीत त्यांच्याकडे क्षेत्र-अधीक्षकाचे काम आले. वायूतल्या बाष्पाचे थंडीत पाणी होऊन, ते गोठून नळ तुंबत. वायू आधीच थंड करून त्यातले पाणी काढून घेण्याची युक्ती हेन्स यांनी शोधली आणि तो प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न मात्र रोजचा होता आणि तो होता घोड्याचा. नळवाहिनीची देखरेख करायची म्हणजे घोडागाडी जुंपून मैलोन् मैल हिंडायचे. घोडा दमतो, त्याला दाणा-पाणी लागते, वाळूत आणि चिखलात तो अडतो. न दमणारे वाहन असावे हा विचार हेन्स यांच्या मनात आला तो या वैतागातून. आधी त्यांनी वाफेचा विचार केला, विजेचा केला आणि दोन्ही बाजूला सारले. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात पेट्रोलवर चालणारे इंजिन त्यांनी पाहिले आणि मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथील सिंट्झ कंपनीकडून एका अश्वशक्तीचे, होडीत बसवण्याचे इंजिन विकत आणले. ते आले ते थेट स्वयंपाकघरात! तिथेच चौकटीवर चढवून त्यांनी ते सुरू केले. इंजिन असे काही थडथडू लागले, की ते चौकटीसकट उखडते की काय असे वाटावे. घरभर धूर झाला. बर्थाबाई त्या वेळी काय बोलल्या असतील, याचा अंदाज गृहस्थाश्रमी वाचकाने आपापल्या अनुभवाने करावा.

या सगळ्या खटाटोपात हेन्स यांच्यातला शिक्षक जागा होता, हे सांगितलेच पाहिजे. गाडी ओढायला किती जोर लागेल, हे त्यांनी तर्काने ठरवले नाही. घोडागाडीच्या मागे एक सायकल बांधली, तिच्यावर माणूस बसवला, मध्ये ताणकाटा लावला आणि रस्त्यावरून ओढत नेऊन हवेच्या रबरी चाकाला किती ओढ लागते ते मोजून काढले. मग कागदावर आराखडा तयार केला. कोकोमोत एल्मर आणि एडगर अ‍ॅपरसन या बंधूंचे यंत्रदुरुस्तीचे दुकान होते. रोजचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात, ताशी ४० सेंट मजुरीने त्यांनी हे काम अंगावर घेतले. त्याच दुकानात हात काळे करणारा जोनाथन मॅक्सवेल नावाचा कारागीरही मदतीला होता. पुढे तोही मोटार उद्योगात नावारूपाला आला.

४ जुलै १८९४. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. कोकोमोचे रस्ते सणासाठी बाहेर पडलेल्या माणसांनी फुललेले. या गर्दीत मोटार चालवली आणि ब्रेकने दगा दिला तर अनर्थ होईल, या धास्तीने ती घोड्याला जुंपून गावाबाहेरच्या 'पंपकिनव्हाइन पाइक' या रस्त्यावर नेण्यात आली. पंपकिनव्हाइन म्हणजे भोपळ्याचा वेल. घोड्याची सुट्टी करायला निघालेल्या वाहनाला पहिली वाटचाल घोड्याच्याच मागून करावी लागली! तेथे इंजिन सुरू झाले आणि गाडी ताशी सात मैलांच्या वेगाने स्वतःच्या बळावर पळू लागली. पुढच्या वर्षी हेन्स ही गाडी शिकागोला घेऊन गेले, तेव्हा तिथल्या पोलिसाने तिला रस्त्यावरून हुसकून लावले.

१८९८ साली हेन्स-अ‍ॅपरसन कंपनीची रीतसर स्थापना झाली. दुसऱ्याच वर्षी त्यांची एक मोटार कोकोमोहून थेट न्यू यॉर्कपर्यंत रस्त्याने गेली. त्या काळचे रस्ते लक्षात घेता हे धाडसच होते. १९०१ मध्ये अ‍ॅपरसन बंधू वेगळे झाले आणि १९०५ पासून कारखान्यावर फक्त हेन्स यांचे नाव राहिले. 'अमेरिकेची पहिली मोटार' हे त्या कंपनीचे घोषवाक्य. जाहिरातींतून, पत्रकांतून ते वर्षानुवर्षे गाजवले गेले. १९१० साली हेन्स यांनी आपली ती पहिली गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला अर्पण केली.

येथे चरित्रकाराला थोडे थांबावे लागते. कारण हा दावा खरा नव्हता. चार्ल्स आणि फ्रँक ड्युरिया या बंधूंची मोटार मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्डच्या रस्त्यावर सप्टेंबर १८९३ मध्येच धावली होती. हेन्स यांच्या आधी तब्बल दहा महिने! ओहायोतील जॉन लॅम्बर्ट यांनी तर १८९१ मध्येच तीन चाकांची पेट्रोल गाडी बनवली होती. हेन्स यांना ती ठाऊक होती आणि त्यांच्या विनंतीवरून लॅम्बर्ट यांनी त्या घोषवाक्याला कधी हरकत घेतली नाही, असे १९६० च्या सुमारास झालेल्या संशोधनातून पुढे आले. दारूचा घोट न घेणारा, रविवारचे चर्च न चुकवणारा, दानशूर असा हा गृहस्थ! 'पहिला' या एका शब्दापुढे त्याचाही पाय घसरला. हेन्स यांची गाडी अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या यशस्वी मोटारींपैकी होती, एवढे म्हटले असते तरी त्यात कमीपणा काहीच नव्हता. ड्युरियांची मोटारही १९२० साली स्मिथसोनियनमध्ये दाखल झाली आणि दोन्ही एकाच संस्थेच्या संग्रहात विसावल्या.

कारखान्याचे नाव देशभर झाले, तरी हेन्स यांचे मन तेथे फारसे रमले असे दिसत नाही. व्यवहार इतरांवर सोपवून ते पुन्हा आपल्या भट्टीकडे वळले. आता ती भट्टी लोखंड वितळवू शकत होती. १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कोबाल्ट आणि क्रोमियम यांचे एक संमिश्र बनवले. ते कठीण होते, चमकदार होते आणि हवापाण्याने त्याला डाग पडत नसे. १९०७ साली त्याचे पेटंट मिळाले. लॅटिन भाषेत ताऱ्याला 'स्टेला' म्हणतात, त्यावरून हेन्स यांनी या धातूला 'स्टेलाइट' असे नाव दिले. मग त्यात टंगस्टन घातले, तोच तो विद्यार्थिदशेतला टंगस्टन! आणि स्टेलाइटचे रूपच पालटले. लेथवर पोलाद कापताना हत्यार तापून लाल झाले तरी त्याची धार जाईना. १९१२ मध्ये कोकोमोत स्टेलाइटचा कारखाना उभा राहिला. दोनच वर्षांनी युरोपात महायुद्ध पेटले, तोफगोळे आणि इंजिने बनवणाऱ्या कारखान्यांची मागणी आकाशाला भिडली आणि हेन्स कोट्यधीश झाले. १९२० साली हा कारखाना त्यांनी युनियन कार्बाइड कंपनीला दिला.

स्टेनलेस स्टीलचा शोध याच वाटेवर लागला. घरातल्या चांदीच्या सुऱ्या-काट्यांना सतत पॉलिश करावे लागते, तेव्हा न डागाळणारी भांडी करून द्या, असा लकडा बर्थाबाईंनी लावला होता, असे सांगतात. स्टेलाइटचे सुरी-काटे झाले, पण कोबाल्ट महाग. स्वस्त लोखंडातच क्रोमियम मिसळून तो गुण आणता येईल का, या विचाराने १९११ पासून हेन्स यांनी प्रयोग आरंभले. क्रोमियमचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे, साधारण अकरा-बारा टक्क्यांच्या पुढे गेले, की पोलादाच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो. तो ओरखडला तरी हवेतल्या प्राणवायूने आपोआप पुन्हा भरून येतो. रंग हा बाहेरून चढवलेला अंगरखा, एकदा फाटला की गंज आत शिरलाच. हा पापुद्रा म्हणजे कातडीच. हेन्स यांनी आपली पाती आणि हत्यारे हवेत, पाण्यात ठेवून वर्षानुवर्षे पारखली आणि मार्च १९१५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. क्रोमियमयुक्त पोलाद पूर्वीपासूनच आहे, त्यात नवे ते काय, असा त्यांचा मुद्दा.

आणि याच सुमारास सातासमुद्रापलीकडून हॅरी ब्रिअर्ली आले. इंग्लंडमधील शेफील्डच्या एका पोलाद कामगाराचा हा मुलगा. प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून संशोधन विभागाचा प्रमुख झालेला. बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवण्याचा उपाय शोधता शोधता ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले होते. त्याच्यावर आम्लाचा परिणाम होत नाही हे लक्षात येताच, सुऱ्या बनवण्यासाठी हाच धातू, हे त्याने ताडले. ब्रिअर्ली यांनीही १९१५ मध्येच अमेरिकेत अर्ज केला आणि सप्टेंबर १९१६ मध्ये त्यांना पेटंट मिळालेही. हेन्स यांनी हरकत घेतली. त्यांच्या प्रयोगांच्या नोंदी जुन्या होत्या. या खेपेस 'पहिला' म्हणवून घेण्याचा त्यांचा हक्क मोटारीपेक्षा कितीतरी बळकट होता. पण प्रकरण निर्णायक लढाईपर्यंत ताणले गेले नाही. दोन्ही पक्षांनी आणि काही पोलाद कंपन्यांनी मिळून 'अमेरिकन स्टेनलेस स्टील कंपनी' स्थापन केली आणि हक्क वाटून घेतले. हेन्स यांच्या पेटंटवर अखेर १ एप्रिल १९१९ रोजी मोहोर उमटली.

मोटारीच्या बाबतीत नसलेले श्रेय त्यांनी आयुष्यभर मिरवले आणि पोलादाच्या बाबतीत असलेले श्रेय मुकाट्याने वाटून दिले! जगाने पुढे लक्षात ठेवले ते ब्रिअर्ली यांचेच नाव. जर्मनीतील क्रुप कारखान्यात माउरर आणि स्ट्राउस यांनी १९१२ मध्येच क्रोमियमबरोबर निकेल घालून वेगळ्या जातीचे न गंजणारे पोलाद बनवले होते, हेही येथे नोंदवायला हवे.

कारण मोटारीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा तोच आहे. हेन्स आणि ब्रिअर्ली यांचे पोलाद पाणी देऊन कठीण करण्याच्या जातीचे. सुरीला, हत्याराला उत्तम. पण त्याचा पातळ पत्रा करून साच्यात दाबला आणि मडगार्डची गोलाई दिली, हे त्याला साधण्यासारखे नव्हते. ते काम निकेलवाल्या पोलादाचे. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल हा त्याचा आज सर्वांना ठाऊक असलेला नुस्खा १९२० च्या दशकात रूढ झाला. त्यामुळे आपल्याच प्रयोगशाळेतले पोलाद आपल्याच मोटारीच्या अंगावर चढवणे हेन्स यांना शक्यच नव्हते. त्यांच्या काळात मोटारीचा सांगाडा लाकडी असे, त्यावर पत्रा ठोकलेला आणि पत्र्यावर रंगाचे, व्हार्निशचे थरावर थर. ते वाळवण्यातच कित्येक दिवस जात.

हेन्स यांची अखेरची वर्षे सन्मानाची तशीच मनस्तापाचीही होती. १९१६ साली दारूबंदी पक्षातर्फे त्यांनी अमेरिकन सिनेटची निवडणूक लढवली आणि ते हरले. १९२२ मध्ये इंडियाना विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पंपकिनव्हाइन रस्त्यावर त्यांच्या पहिल्या फेरीचे स्मारक उभारण्यात आले. इकडे मोटार कारखाना मात्र कर्जात रुतत चालला होता. महायुद्धानंतरची मंदी आणि हेन्री फोर्ड यांच्या स्वस्त गाड्यांचा लोंढा यापुढे मध्यम आकाराचे कारखाने पटापट कोसळत होते. हेन्स यांनी स्वतःचा पैसा ओतला, गावकऱ्यांनीही हातभार लावला. पण १९२४ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले.

जानेवारी १९२५ मध्ये मोटार व्यवसायातील आद्य प्रवर्तकांचा न्यू यॉर्क येथे गौरव झाला, त्यात हेन्स होते. परतताना त्यांना फ्लू झाला. उबदार हवा मानवेल म्हणून फ्लोरिडाला नेले, तरी उतार पडेना. १३ एप्रिल १९२५ रोजी कोकोमोतील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय ६७. त्याच वर्षी कारखान्याची उरलीसुरली मालमत्ताही विकली गेली.

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार पेटंटचे आयुष्य सतरा वर्षांचे असे. म्हणजे हेन्स यांच्या स्टेनलेस स्टीलच्या पेटंटची मुदत एप्रिल १९३६ मध्ये संपली. अ‍ॅलेगनीच्या सहा फोर्ड मोटारी आल्या त्या याच वर्षी. हा निव्वळ योगायोग. पुढे १९६० मध्ये दोन थंडरबर्ड आणि १९६७ मध्ये तीन लिंकन कॉन्टिनेन्टल अशाच प्रकारे तयार झाल्या. थंडरबर्डचा पत्रा तर त्या मॉडेलचे सर्व उत्पादन उरकल्यावर शेवटी दाबला गेला, कारण हे चिवट पोलाद साचे खाऊन टाकते. साच्यातून निघाल्यावर ते उलट उसळी मारते. पोचा पडला तर लांबी भरून रंग फासता येत नाही. आणि बोटांचे ठसे? उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ १९८१-८२ साली तयार झालेल्या सुमारे नऊ हजार डिलोरियन मोटारींचे मालक त्याबद्दल तासन् तास बोलू शकतील. रस्त्यावर ही मोटार विरळा राहिली, त्याची कारणे ही अशी आहेत. रेल्वेला मात्र ते पोलाद मानवले. आपल्याकडच्या एलएचबी डब्यांची कवचे त्याचीच असतात.

हेन्स यांचे कोकोमोतील राहते घर १९६७ पासून संग्रहालय म्हणून जतन केले गेले. त्यांच्या स्टेलाइटच्या कारखान्यातून वाढलेली हेन्स इंटरनॅशनल ही कंपनी जेट इंजिनांना लागणारी संमिश्रे त्याच गावात बनवते. मोटारीचा कारखाना शंभर वर्षांपूर्वीच नामशेष झाला, पण भट्टी धगधगती राहिली. २०२४ च्या नोव्हेंबरात ही कंपनी विकली गेली. घेणारी कंपनी स्पेनची अ‍ॅसेरिनॉक्स. तिचा मुख्य धंदा स्टेनलेस स्टीलचा.